उसन्या मापाची विक्री

मराठवाड्यात धान्याच्या घाऊक पेठेला मोंढा म्हणतात, आणि दिवाळीच्या आगेमागे ज्याने जालन्याच्या मोंढ्यात एक सकाळ घालवली असेल, त्याला भाव ठरणे म्हणजे काय हे कोणत्याही ग्रंथावाचून उमगते. भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा अशा चहूकडच्या तालुक्यांतून रात्रीच निघालेल्या गाड्या पहाटे रिकाम्या होतात, सोयाबीनचे पिवळे ढीग ओळीने लागतात, आणि खरेदीदार एकेका ढिगापाशी येऊन कोपरापर्यंत हात आत घालतो, तळचा माल वर काढतो, दोन दाणे दाताखाली फोडून ओल पाहतो, आणि मगच बोली बोलतो. बोली तुटली की अडत्याचा मुनीम भाव मोठ्याने उच्चारून कागदावर टिपतो, हमाल काट्याकडे पोती ओढू लागतात, आणि तासाभरात शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. या साऱ्या व्यवहाराचा पाया डोळ्यांसमोरचा माल हा आहे. ज्याच्यापुढे ढीग नाही तो मोंढ्यात विकणारा नव्हे, आणि जो माल घरात आलेला नाही त्याच्यावरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांसाठी ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे.

अशा मोंढ्यात वाढलेल्या माणसाला जेव्हा कोणी सांगतो की, मुंबईच्या शेअर बाजारात ज्याच्यापाशी एकही शेअर नाही तोदेखील शेअर विकू शकतो, कायदा त्यास लबाडी म्हणत नाही, केवळ त्या विक्रीला मर्यादा घालतो, तेव्हा त्याचे मन साशंक व्हावे हे स्वाभाविक आहे. या विक्रीला बाजारातील लोक ‘शॉर्ट सेलिंग’ म्हणतात, बोलताना नुसते ‘शॉर्ट करणे’ म्हणतात, आणि ती करणारा तो मंदीवाला. ही विक्री म्हणजे काय, तिच्यावर निर्बंध का आले, आणि त्यांपैकी कोणते न्याय्य व कोणते निष्फळ, हा या प्रकरणाचा विषय आहे.

तो समजून घेण्यास दलाल स्ट्रीटपर्यंत जाण्याचे कारण नाही. अंबड तालुक्यातील आमच्या आजोळी स्वयंपाकघराच्या दाराआडच्या भिंतीवर गेरूच्या उभ्या रेघा असत. आजी शेजारणीला ज्वारी उसनी देई तेव्हा पायलीमागे एक रेघ ओढी, आणि ज्वारी परत आली की ओल्या बोटाने ती रेघ पुसून टाकी. लहानपणी मला एका गोष्टीचे नवल वाटे, ते हे की, परत येणारी ज्वारी दिलेली ज्वारी नसे. दिलेल्या ज्वारीच्या भाकरी केव्हाच खाल्लेल्या असत, परत येई ती दुसऱ्या शेतातली, दुसऱ्या सुगीची. तरीही रेघ पुसली जाई, कारण आजीचा हक्क त्या विवक्षित दाण्यांवर नव्हता, तो मापावर होता. उसनवारीचे सारे शास्त्र एवढ्या एका गोष्टीत सामावलेले आहे. वस्तू जर अशी असेल की तिचे एक माप दुसऱ्या मापासारखेच, तर ती उसनी घेणाऱ्याने खावी, पेरावी अथवा विकावी, मुदतीत तेवढेच माप परत आले की देणाऱ्याचे काही बिघडत नाही.

आता कल्पना करा की, आषाढात ज्वारी महाग असताना शेजारणीने चार पायल्या उसन्या नेल्या, घरी न शिजवता त्या आठवडी बाजारात विकल्या, आलेले पैसे गाठीला बांधले, आणि फाल्गुनात रब्बीची सुगी होऊन भाव उतरल्यावर स्वस्तात चार पायल्या घेऊन आजीला परत केल्या. मधला फरक तिचा. आजीची ज्वारी शिगोशीग परत आली, आणि सवाईचा करार असेल तर वर एक पायली अधिक आली. शेजारणीने जे केले तेच, तंतोतंत तेच, मुंबईचा मंदीवाला करतो. शेअर ही वस्तूही ज्वारीसारखीच आहे, एका कंपनीचा एक शेअर दुसऱ्यासारखाच. म्हणून तो उसना घेता येतो, विकता येतो, आणि पुढे विकत घेऊन परत करता येतो. सवाई-दिढीच्या नावाखाली सावकारांनी आमच्या भागात किती घरे धुऊन नेली हे मी विसरलेलो नाही, परंतु तो दोष दराचा आणि नाडलेल्या माणसाच्या निरुपायाचा होता, उसनवारीच्या कल्पनेचा नव्हता.

या व्यवहारात एक भयही दडलेले आहे. रब्बी बुडाली तर काय? १९७२ साली ती बुडाली, आणि त्या दुष्काळात ज्या घरांवर दाण्याचे देणे होते त्यांना ते कोणत्या भावाने फेडावे लागले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. शंभर रुपयांचा शेअर विकत घेणाऱ्याचे नुकसान फार तर शंभर रुपये, कारण भाव शून्याखाली जात नाही. उलट ज्याने शंभर शेअर उसने घेऊन शंभराच्या भावाने विकले, त्याच्या हाती दहा हजार येतात. भाव ऐंशीवर उतरला तर आठ हजारांत फेड होऊन दोन हजार उरतात, त्यांतून उसनवारीचे शुल्क तेवढे वजा जाते, परंतु भाव तीनशेवर चढला तर त्याला तीस हजार मोजून ते शेअर आणावे लागतात, आणि भावाला वरच्या बाजूस कोणतेही छत नाही. घेणाऱ्याच्या चुकीला तळ असतो, विकणाऱ्याच्या चुकीला तो नसतो. कायद्याने मंदीवाल्यावर अधिक करडी नजर ठेवावी, याचे हे पहिले सयुक्तिक कारण.

दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. शेजारीण उसने न घेताच विकू लागली तर? म्हणजे घरात दाणा नाही, कोणाच्या कणगीतून आणलेला नाही, आणि ‘आठ दिवसांनी देते’ एवढ्या शब्दावर तिने गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले तर? मग अशा दहा जणी मिळून गावात आहे त्याहून अधिक ज्वारी विकू शकतील, आणि देण्याच्या दिवशी गावभर धावूनही ती मिळणार नाही. शेअर बाजारात हिला ‘नेकेड’ म्हणतात, आपण पोकळ विक्री म्हणू. उसनी विक्री आणि पोकळ विक्री यांतला भेद ज्याने मनात पक्का धरला, त्याला या विषयावरील बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

पोकळ विक्रीचा इतिहास मुंबईत जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तो पैसा मुंबईत शेअरांच्या सट्ट्यात ओतला गेला, आणि मुदतीचे प्रचंड सौदे १ जुलै १८६५ या एकाच दिवसावर येऊन ठेपले. त्यापूर्वीच युद्ध संपले होते, कापूस कोसळला होता, आणि त्या दिवशी देणाऱ्यापाशी द्यायला व घेणाऱ्यापाशी मोजायला काही उरले नव्हते. पुढे १८७२च्या करार कायद्याच्या ३०व्या कलमाने पैजेचा करार रद्दबातल ठरवला, आणि तेव्हापासून न्यायालयांपुढे एकच प्रश्न वारंवार येत राहिला, तो असा की, सौदा करताना माल देण्याघेण्याचा उद्देश होता की केवळ फरक मोजण्याचा? स्वातंत्र्यानंतर धान्य-कापसाच्या वायद्यांसाठी, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांसाठी, १९५२चा आणि रोख्यांच्या सौद्यांसाठी १९५६चा असे दोन कायदे झाले, आणि २७ जून १९६९च्या अधिसूचनेने शेअरांच्या मुदतीच्या सौद्यांना सरसकट मनाई झाली.

मनाई झाली, परंतु बाजाराची गरज मेली नाही. तिने ‘बदला’ या रीतीचा आश्रय घेतला. वलणाच्या, म्हणजे सौदे चुकते करण्याच्या, दिवशी ज्याला पैसे मोजायचे नाहीत त्याने काही शुल्क देऊन सौदा पुढील वलणापर्यंत ढकलावा, आणि बाजारात शेअरच अपुरे असतील तर उलट विकणाऱ्याने घेणाऱ्याला शुल्क देऊन मुदत मागावी, अशी ती रीत. या दुसऱ्या प्रकारास ‘उंधा बदला’ म्हणत. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९८२ सालचे. त्या वर्षीच्या मार्चात कलकत्त्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्सचे लाखो शेअर हाती नसताना विकले आणि भाव १३१ वरून १२१ वर आणला. कंपनीच्या बाजूच्या दलालांनी मिळेल तो शेअर उचलला आणि एप्रिलअखेरीस माल मागितला. मंदीवाल्यांपाशी माल नव्हता. घेणाऱ्यांनी मुदतीसाठी जबर बदला मागितला, तडजोड होईना, आणि मुंबईचा बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. पुष्कळ लोक ही कथा मंदीवाल्यांच्या पराभवाची म्हणून सांगतात. मला तीत दिसते ते असे की, कितीजणांनी काय विकले आहे आणि ते कोठून येणार आहे, याची नोंद कोणाच्याही दप्तरात नव्हती. आजीच्या भिंतीवर असत तशा रेघा बाजाराच्या भिंतीवर नव्हत्या.

बदला १९९३च्या डिसेंबरात बंद झाला, १९९६ साली नव्या रूपात परतला, आणि २००१ सालच्या घसरणीनंतर त्या वर्षीच्या जुलैत कायमचा गेला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबी हिने घाबरलेल्या बाजारात शॉर्ट विक्रीलाच बंदी केली होती. घर पेटल्यावर विहीर खणावी तसा तो उपाय होता. विचारपूर्वक घडवलेली चौकट यायला आणखी सहा वर्षे जावी लागली.

ती चौकट २० डिसेंबर २००७च्या परिपत्रकाने आली व २१ एप्रिल २००८पासून अमलात आली. तिचे मर्म असे: शॉर्ट विक्री सर्वांना खुली, लहान गुंतवणूकदारास आणि मोठ्या संस्थेसही, पण पोकळ विक्री कोणासही नाही, विकलेला माल वलणाच्या वेळी रुजू केलाच पाहिजे. संस्थांनी मागणी नोंदवतानाच ही शॉर्ट विक्री आहे असे जाहीर करावे, किरकोळ विक्रेत्याने त्या दिवशीचा बाजार संपेपर्यंत करावे. संस्थांना सकाळी विकून सायंकाळी सौदा काटण्याची, म्हणजे दिवसाच्या आत मिटवून टाकण्याची मोकळीक नाही. दलालांनी कंपनीवार शॉर्ट विक्रीची माहिती गोळा करून दुसऱ्या दिवशीचा बाजार उघडण्यापूर्वी बाजाराकडे पाठवावी, आणि बाजाराने ती नियमितपणे लोकांपुढे मांडावी. याच चौकटीसोबत शेअर उसने देण्याघेण्याची अधिकृत सोय झाली. ज्याच्या खात्यात शेअर वर्षानुवर्षे पडून आहेत त्याने ते शुल्क घेऊन द्यावेत, घेणाऱ्याने तारण ठेवून घ्यावेत, आणि समाशोधन करणाऱ्या संस्थेने मध्ये उभे राहून परतफेडीची हमी घ्यावी. प्रारंभी ही मुदत अवघ्या सात दिवसांची होती, पुढे ती बारा महिन्यांपर्यंत वाढली. जालन्यातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने पेन्शनीतून घेतलेले शेअरही आज अशा रीतीने उसने जाऊ शकतात आणि सवाई नव्हे तरी पाव-अर्धा टक्का मिळवून परत येऊ शकतात. ही सोय किती थोड्या लोकांना ठाऊक आहे, हे पाहून खंत वाटते.

आणि ज्याने उसने न घेताच विकले, त्याचे काय होते? समजा, जालन्यातील एका दुकानात हिशेब लिहिणाऱ्या तरुणाने सकाळी साडेनऊला मोबाइलवर एका कंपनीचे दोनशे शेअर विकले, दुपारी स्वस्तात परत घेऊ अशा भरवशावर. दोनच्या सुमारास कंपनीविषयी एखादी शुभवार्ता येते, भाव त्या दिवसाच्या कमाल मर्यादेला जाऊन चिकटतो, आणि पडद्यावर विकणाऱ्यांचा रकाना पूर्ण रिकामा होतो. घेणारे हजारो, विकणारा एकही नाही. साडेतीनला बाजार मिटतो आणि तरुणाच्या खात्यावर दोनशे शेअरांचे देणे तसेच उरते. २०२३च्या जानेवारीपासून आपल्याकडे सौद्याच्या दुसऱ्याच दिवशी माल द्यावा लागतो, त्यामुळे त्याला उसंत नाही. त्याच्या नावाने लिलाव पुकारला जातो, लिलावात जो भाव येईल तो त्याने सोसायचा. लिलावातही माल न मिळाला, तर सौद्याच्या दिवसापासून लिलावापर्यंतचा सर्वोच्च भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावाहून २० टक्के अधिक, यांतील जो जास्त असेल त्या दराने ज्याला शेअर मिळायचे होते त्याची भरपाई होते. हा नियम कठोर आहे, आणि तो तसाच असावा, कारण पलीकडच्या बाजूस कोणीतरी पूर्ण पैसे मोजून बसलेला असतो आणि त्याला भिंतीवरची रेघ पुसलेली हवी असते.

येथपर्यंतचे नियम उसनवारीला शिस्त लावणारे आहेत. विक्रीच बंद करणारे फर्मान ही वेगळी जात, आणि ती चारशे वर्षांहून जुनी आहे. १६०९ साली हॉलंडमध्ये इसाक ल मेअर नावाच्या व्यापाऱ्याने, जो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांपैकी होता, आपल्याच जुन्या कंपनीचे शेअर हाती नसताना विकण्यासाठी गुप्त मंडळी जमवली. कंपनीच्या संचालकांनी ‘विधवा आणि अनाथ’ यांच्या नुकसानीचे गाऱ्हाणे सरकारकडे नेले, आणि १६१०च्या फेब्रुवारीत अशा विक्रीला मनाई झाली. त्या गाऱ्हाण्याच्या उत्तरात दुसऱ्या बाजूने मांडलेला मुद्दा आजही शिळा झालेला नाही: भाव विक्रीमुळे पडला की कंपनीचा कारभार ढिसाळ असल्यामुळे? इंग्लंडने १७३४ साली अशा सौद्यांविरुद्ध कायदा केला, तो बाजाराने सव्वाशे वर्षे धाब्यावर बसवला, आणि १८६० साली तो रद्द झाला. अमेरिकेने २००८च्या सप्टेंबरात ७९९ वित्तीय कंपन्यांच्या शेअरांची शॉर्ट विक्री तीन आठवडे थांबवली, इतर अनेक देशांनी तोच मार्ग धरला, आणि नंतर सुमारे तीस देशांतील आकडे तपासणाऱ्या अभ्यासकांना आढळले ते असे की, बंदीने भाव सावरले नाहीत, देवाणघेवाण मात्र आटली आणि खरा भाव कळण्यास विलंब लागला. दक्षिण कोरियाने २०२३च्या नोव्हेंबरात परदेशी संस्थांच्या पोकळ विक्रीमुळे संपूर्ण बंदी घातली व ती मार्च २०२५अखेर उठवली, पोकळ विक्री पकडणारी यंत्रणा उभी केल्यावर. या साऱ्यांत कोरियाचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते, कारण तेथे बंदीचा काळ भिंतीवर रेघा ओढण्याची व्यवस्था करण्यात खर्च झाला.

आपल्याकडे २०२३च्या जानेवारीत हिंडेनबर्ग या अमेरिकन संस्थेने, आपण शॉर्ट विक्री केली असल्याचे सांगूनच, अदानी समूहाविषयी अहवाल प्रसिद्ध केला, शेअर कोसळले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. भारतीय गुंतवणूकदारांना झालेल्या हानीमागे शॉर्ट विक्रीत काही कायदेभंग झाला काय, हे सरकारने व सेबीने पाहावे, असे न्यायालयाने ३ जानेवारी २०२४ रोजी सांगितले. दोनच दिवसांनी सेबीने आपली जुनी चौकट परिपत्रकाने पुन्हा एकवार मांडली. तत्पूर्वी बंदीची मागणी मोठ्या आवाजात झाली होती, तरी बंदी आली नाही. हा विवेक प्रशंसनीय होता.

हाच विवेक आमच्या सोयाबीनच्या वाट्याला आला नाही, हे सांगताना मला दुःख होते. वस्तूंच्या वायदेबाजाराची देखरेख २०१५च्या सप्टेंबरपासून सेबीकडेच आहे. २०२१च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले, तेव्हा त्या वर्षीचा हमीभाव ३,९५० रुपये होता. कुक्कुटपालन करणाऱ्यांना पेंड परवडेना म्हणून केंद्राने १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली, आणि २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, बिगर-बासमती भात, मूग व कच्चे पामतेल यांचे वायदे एका हुकुमाने तहकूब झाले. मुदत एक वर्षाची होती, ती पुन्हा पुन्हा वाढवून ३१ मार्च २०२६पर्यंत नेण्यात आली. त्यापूर्वी २००७ साली तूर, उडीद, गहू, तांदूळ यांचे वायदे असेच थांबवले होते, आणि त्या वेळी नेमलेल्या अभिजित सेन समितीला वायद्यांमुळेच महागाई झाली असा निर्णायक पुरावा सापडला नव्हता. शेतकऱ्याला वायदेबाजार खुला हवा, हे शेतकरी नेते शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले.

जालना जिल्ह्यातील किती शेतकरी स्वतः वायदे करीत होते, असे कोणी विचारील. फार थोडे, कारण एका कराराचे माप टनांत असते आणि अनामत आगाऊ भरावी लागते, ते आमच्या तीन एकरवाल्याच्या आवाक्यातले नव्हे. परंतु शेतकरी उत्पादक कंपन्या ते करू लागल्या होत्या, आणि ज्याने कधी करार केला नाही त्यालाही पेरणीच्या आधी दिवाळीचा अंदाजी भाव पडद्यावर दिसत होता. या दोन बाजारांची तुलना करून पाहा. दलाल स्ट्रीटवर ज्याच्यापाशी वस्तू नाही त्याला ती विकण्याची परवानगी आहे, नियमांत राहून, आणि ती असावी असेच मी म्हणतो. इकडे भाद्रपदात ज्याच्या शेतात शेंगा भरून उभ्या आहेत, ज्याच्या घरी सहा आठवड्यांनी माल येणार हे पाऊस सोडून कोणी खोटे ठरवू शकत नाही, त्याला तोच माल पुढच्या तारखेने विकण्याची खुली जागा २०२१च्या डिसेंबरात बंद करण्यात आली. त्याला मंदीवाला म्हणणेसुद्धा अन्याय होईल. उसने घेण्याचे त्याला कारण नाही, कारण तो स्वतःच कणगी आहे.

जुन्या काळी धान्यपेठेत हत्ता पद्धत होती. खरेदीदार आणि अडत्या उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला काही कळत नसे. निजामी अमलात फसली सन १३३९चा बाजार कायदा झाला, पुढे महाराष्ट्राचा १९६३चा कायदा आला, आणि बोली उघड्यावर आली. बोटे उपरण्याबाहेर काढण्यास एवढी वर्षे लागली. परवा भाद्रपदात मी मोंढ्यात उभा असताना बदनापूरकडचा एक तरुण शेतकरी अडत्यापाशी आला, खिशातून शेंगांची एक डहाळी काढून त्याने गादीवर ठेवली, आणि विचारले, “काका, दिवाळीला काय भाव राहील?” अडत्याने शेंग सोलली, दाणा अंगठ्याने दाबून पाहिला, आणि त्याला आजचा भाव सांगितला.